ज्याच्याकडे आई, त्याच्याकडे प्रिंटर

माझ्या दोन भावांची वाटणी झाली तेव्हा विहीर काही कापता आली नाही, म्हणून पाणी पाळीने घ्यायचं ठरलं. एक आठवडा थोरल्याने मोटर चालू करायची, पुढचा आठवडा धाकट्याने. आमच्या डिंगोऱ्यात यात नवीन काही नाही. बांधावरचा आंबा, कडबा कापायचं यंत्र, जे जे तोडता येत नाही ते ते पाळीवर जातं आणि पंच म्हणून येणाऱ्या म्हाताऱ्यांना ही कामं तोंडपाठ असतात. त्यांनी जमीन वाटली, गुरं वाटली, भांडी वाटली, समोरासमोरच्या दोन घरांमधल्या अंगणात चुन्याची रेघ ओढली. मग दोन गोष्टी उरल्या. एक प्रिंटर आणि एक आई.

प्रिंटर वडिलांनी जाण्याआधी घेतलेला होता. थोरला प्राथमिक शाळेत गुरुजी. प्रश्नपत्रिका, निकाल असलं सगळं तो घरी छापायचा. धाकटा शेती बघून गावच्या दूध संस्थेचं सचिवपद सांभाळायचा, त्याला रोजच कागद लागायचे. कॉम्प्युटर दोघांचे वेगळे होते, पण प्रिंटर एकच, आणि तो दोघांनाही हवा होता. आईसुद्धा दोघांनाही हवी होती असंच म्हणायला हवं, कारण पंचांसमोर कुणी नको म्हटलं नाही.

आमचे एक चुलते पंचांत होते. त्यांनी तंबाखू मळत निकाल दिला. "ह्याला काय डोकं लागतंय? म्हतारी म्हैना म्हैना फिरंल. तिच्यासंगं प्रिंटर बी फिरंल. ज्याच्याकं आई, त्याच्याकं प्रिंटर. कुनाची तक्रार न्हाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, आईला एकदा विचारा तरी. चुलते म्हणाले, "बाय, तू पावणी. च्या घे." बहिणीचा हक्क मी आधीच सही करून सोडला होता, तो सगळ्याच बहिणी सोडतात, आणि हक्क सोडलेल्या बाईने चहाच घ्यायचा असतो. मी घेतला. साखर जास्त होती.

थोरल्याचा पगार एक तारखेला, म्हणून पाळीचीही एक तारीख धरली. त्या दिवशी आई पहाटे आंघोळ करायची आणि ठेवणीतलं लुगडं नेसायची. ज्या भावाची पाळी सुरू व्हायची तो सकाळी रेघ ओलांडून यायचा. वाटणीनंतर भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, त्यामुळे हे सगळं मुक्यानेच चालायचं. धक्का लागू नये म्हणून प्रिंटर आईच्याच एका जुन्या लुगड्यात गुंडाळायचा, दोन्ही हातांनी पोटाशी धरायचा आणि तान्हं लेकरू न्यावं तसा जपून न्यायचा. मागून आई. तिची पत्र्याची पेटी तिची तिनेच उचलायची, कारण मुलाचे दोन्ही हात गुंतलेले.

दारात सून उभी असायची. आधी प्रिंटर टेबलावर बसायचा, फडक्याने पुसला जायचा, एखादा कागद काढून बघितला जायचा. मग हसून, "आलात का आत्याबाई, बसा, च्या ठिवते." आई त्या चहाचं कौतुक मला फोनवर सांगायची. एकदा धाकट्याच्या संस्थेची वार्षिक सभा होती, तेव्हा तो तारखेच्या आधीच येऊन दोघांना घेऊन गेला. आईने ते देवळापर्यंत सगळ्या आळीला सांगितलं. "धाकट्याला करमत न्हाई माझ्याबिगर." मला आधी हसू आलं, मग भावाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. आई मात्र प्रिंटरवर माया करायला लागली होती. नातवंडांना हात लावू द्यायची नाही. "माझ्या जोडीचा हाय त्यो. आमी दोघं मिळून येतो-जातो," म्हणायची.

माझी आई खुळी नव्हती. लोकांना असं वाटायचं की पोरांवर जीव टाकणारी बाई म्हणजे खुळीच. तिला सगळं कळत होतं, फक्त कळल्याचं दाखवायची नाही, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग यायचा.

दर महिन्याच्या हेलपाट्याने प्रिंटर खिळखिळा झाला. एकदम चार-चार कागद ओढायचा, नाहीतर एकही नाही. उंबऱ्यावर तो कुणाच्या हातून आपटला यावरून दोन्ही घरांनी मला वेगवेगळे फोन केले. जुन्नरच्या दुरुस्तीवाल्याने तो उघडला, बघितला आणि पुन्हा बंद करून हातात दिला. तोवर थोरल्याने टेलिफोनवर इंटरनेट घेतलं होतं आणि शाळेतल्या कुठल्याशा गुरुजींकडे बिनतारी प्रिंटर बघितला होता. मी मंचरला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवत होते, म्हणून विचारणा माझ्याकडे आली.

"आक्का, त्याला वायर नसती म्हनं. आपल्या आपल्या घरात बसून काढायचं," थोरला म्हणाला.

तासाभरात धाकट्याचाही फोन. "आक्का, त्याला सांग, मी निम्मं देतो. पर मशीन चांगलं घे म्हनावं."

वाटणीनंतर त्या दोघांचं एकमत झालं ते हे पहिलं. रेघ ओलांडायची नाही, एकमेकांचं तोंड बघायचं नाही आणि काम तर व्हायलाच हवं. हे यंत्र त्यांच्यासाठीच कुणी बनवलं असावं असं मला वाटलं.

एका रविवारी नवा बिनतारी प्रिंटर घेऊन माझ्या घरून, अवसरीहून मंचर, मंचरहून नारायणगाव, तिथून आळेफाटा, ओतूर करत एसट्या बदलत डिंगोऱ्याला पोचले. थोरल्याच्या पुढच्या खोलीत अंगणाकडच्या खिडकीपाशी मोडेम होता, म्हणून प्रिंटरही तिथेच ठेवला. त्या महिन्यात आई थोरल्याकडे होती. तिची खाट खिडकीखालीच. ती खाटेवर पाय वर घेऊन बसली आणि मी काय करते ते बघत राहिली.

पहिला घोळ पासवर्डचा. थोरल्याने सुचवलेला धाकट्याला नको, धाकट्याचा थोरल्याला नको. मी मध्ये मोबाईल धरून दोघांचे निरोप पोचवत होते. शेवटी वैतागून मी आईचं नाव टाकलं. त्याला कोण नको म्हणणार? दोघांनी आपापल्या खोलीत बसून आईचं नाव टाइप केलं. धाकट्याने विचारलं, सगळं नाव टाकायचं का नुसतं पहिलं.

दुसरा घोळ विजेचा. तेव्हा भारनियमन होतं. लाईट जाऊन आली की प्रिंटर नेटवर्कच्या जाळ्यात नव्या आकड्यावर जाऊन बसायचा आणि धाकट्याचा कॉम्प्युटर त्याला जुन्या जागी शोधत राहायचा. सापडत नाही म्हणायचा. मी मोडेममध्ये शिरून त्याचा आकडा पक्का करून टाकला. आईला सांगितलं, आता कितीही वेळा लाईट जाऊ दे, हा कुठं जाणार नाही, धाकट्याला इथंच सापडेल.

"म्हंजी ह्यो आता हितंच ऱ्हानार?"

"हो."

"धाकट्याकं न्हाई जायाचा?"

"गरजच नाही. तिथनं बटण दाबलं की इथं कागद येतो."

आई प्रिंटरकडे बघत म्हणाली, "अन मी?"

थोरला माझ्या पाठीमागे उभा होता. तो म्हणाला, "तुझा काय संबंध? तुला का वायर लागलीया?" वहिनी खळखळून हसली. थोरल्याची पोरं हसली. आईसुद्धा हसली, कारण मुलगा काही बोलला आणि लोक हसले की हसायचं, ही तिची जन्माची सवय.

मी मोबाईलवर धाकट्याला म्हटलं, दाब. अंगणापलीकडे त्याने दाबलं आणि इकडे यंत्र घरघरलं. चाचणीचा कागद बाहेर आला. आईने तो उचलला, ऊन ऊन होता म्हणून गालाला लावून बघितला आणि कुणी सांगायच्या आत रेघ ओलांडून धाकट्याच्या दारात नेऊन दिला. तेव्हापासून ते काम तिला लागलं. धाकट्याचे कागद थोरल्याच्या खोलीत पडायचे. थोरल्याच्या घरातलं कुणी ते नेऊन देणार नाही, धाकट्याच्या घरातलं कुणी घ्यायला येणार नाही. आई गुडघ्यावर हात ठेवून उठायची आणि द्यायला जायची. धाकटी सून आतूनच म्हणायची, "ठिवा तिथं खिडकीत." बिनतारी यंत्राची तार शेवटी माझी आईच झाली.

पुढची एक तारीख आली. आई आंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून, पेटीवर हात ठेवून सकाळपासून बसली. धाकटा आला नाही. संध्याकाळी मला फोन आला, आईचा नव्हे, थोरल्या वहिनीचा. "वन्सं, तुमच्या भावाला सांगा, आमची पाळी संपली."

मी धाकट्याला फोन लावला. तो म्हणाला, "आक्का, नेतो की. काय घाई हाय? ती का पळून चाललीया?" दुसऱ्या दिवशी त्याने निरोप पाठवला, या म्हणावं. आई पेटी घेऊन एकटीच रेघ ओलांडून गेली. दारात कुणी नव्हतं. त्या दिवशी फोनवर चहाचं कौतुक नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "दिला की. गार झाला व्हता जरा."

महिना संपला तेव्हा थोरल्यालाही तिला परत आणायची घाई नव्हती. प्रिंटर त्याच्या खिडकीत होताच. गरज सरो, वैद्य मरो. पाळी दोन्हीकडून लांबायला लागली. नेणाऱ्याला आठवण राहायची नाही आणि ठेवणाऱ्याची मात्र तारीख चुकायची नाही. त्या मधल्या दिवसांत आई नेमकी कुणाच्या ताटात जेवते ते मी विचारलं की ती पावसापाण्याचं बोलायची.

मग काही महिन्यांनी प्रिंटर बिघडायला लागला. थोरल्याकडचा महिना सरत आला की धाकट्याचे कागद निघायचे नाहीत. तो मला फोनवर शिव्या घालायचा. मी म्हणायचे, मोडेमवरचा हिरवा दिवा बघायला सांग. बघणार कोण? बोलणं नाही. एक तारखेला तो स्वतः तणतणत आला, प्रिंटर उचलला आणि वायरने आपल्या कॉम्प्युटरला जोडतो म्हणून घरी घेऊन गेला. मागून पेटी घेऊन आई. पुढच्या एक तारखेला थोरला तसाच येऊन दोघांना परत न्यायचा. दोन-तीनदा असं झालं. त्या फोनमध्ये पुन्हा चहा आला, आणि एकदा तर शेवयांची खीरसुद्धा.

गावच्या जत्रेला गेले तेव्हा मी तिला परसात गाठलं. आई, दिवा कसा विझतो गं? तिने तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता सांगितलं. "माझ्या खाटंवरच बटन हाय त्याचं. हिरवा दिवा आसला का मला न्यायाला कुनी येत न्हाई. इजला का येत्यात."

एवढं शिक्षण घेऊन, क्लासमध्ये पोरांना नेटवर्क शिकवून मला जे सुचलं नसतं ते तिने खाटेवर बसून शोधलं होतं. मला तिचा अभिमान वाटला आणि रडूही आलं. मी म्हटलं, कर बिनधास्त, मी कुणाला सांगत नाही.

सांगायची वेळच आली नाही. जाळी झाडताना थोरल्या वहिनीने तिला बटणावर हात असताना पकडलं. मग जे झालं ते मला आईनेच फोनवर सांगितलं. वहिनीने आरडाओरडा केला, धाकटी अंगणात आली, आणि दोन्ही भाऊ आईच्या खाटेसमोर येऊन उभे राहिले, खांद्याला खांदा लावून.

"माझं निकाल आडाकलं व्हतं," थोरला म्हणाला.

"माझी संस्थेची कामं," धाकटा म्हणाला.

"कळत न्हाई तिथं हात कशाला घालावा मानसानं?"

"म्हातारचळ लागलाय, दुसरं काय."

"खायला मिळतंय ते गिळावं न गप बसावं."

एकाचं वाक्य संपलं की दुसरा उचलायचा. एक तासभर त्यांनी तिला झोडपलं, हाताने नाही, तेवढंच. वहिन्यांनी मधून मधून भर घातली. हे सगळं सांगून झाल्यावर आई म्हणाली, "पर बरं झालं बाय. दोघं एकमेकाशी बोललं. तू ऐकाय पायजे व्हतं." तिच्या आवाजात खरोखर आनंद होता. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन एक वाटी भिंतीवर फेकून मारली.

त्यानंतर सुताराला बोलावून मोडेमला छताजवळ लाकडी पेटारा करून घेतला. बटण आत, बाहेर कुलूप. त्याचा खर्च दोघांनी निम्मा निम्मा केला.

पुढच्या एक तारखेला मुद्दाम सुट्टी काढून मी डिंगोऱ्याला गेले. आई थोरल्याच्या खोलीत प्रिंटरपाशी बसली होती. नेसणं ठेवणीतलं, पेटी पायाशी. थोरल्याची पाळी आदल्या दिवशी संपलेली. दुपारी वहिनीने ताटं वाढली, मला वाढलं, पोरांना वाढलं. आईचं ताट नव्हतं. मी विचारलं तर भाजी ढवळत म्हणाली, "आमचं कालपातूर व्हतं, वन्सं. आज त्यांच्याकं."

मी हातातला घास ताटात टाकला आणि अंगण ओलांडून धाकटीकडे गेले. तीही जेवण उरकून भांडी घासत होती. ती म्हणाली, "ते न्यायला गेलं का येतील आत्याबाई. मी कशी आनू? पुना थोरल्या म्हनतील, वढून नेलं." धाकटा आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर होता. मी दारातून त्याला वाट्टेल ते बोलले. त्याने मान हलवली, वळूनही बघितलं नाही. "एवढं संस्थेचं निघू दे आक्का. मग बघू."

परत येऊन आईला म्हटलं, चल, ऊठ, माझ्याबरोबर अवसरीला चल. आत्ताची एसटी मिळेल. घर लहान आहे, पण तुला तुझं ताट आहे.

"दोन ल्योक आसताना लेकीच्या दारात?" ती म्हणाली. "लोक त्यांना नावं ठिवतील."

"ठेवू देत की. ठेवायलाच हवीत."

"तू गप बस."

मग मीही तिच्याशेजारी खाटेवर बसले. ऊन अंगणातून सरकत गोठ्यावर गेलं. मधूनच प्रिंटर घरघरायचा आणि धाकट्याचा एखादा कागद बाहेर यायचा. आई उठू लागायची, मी तिचा हात धरून खाली बसवायचे. तीन-चार कागद तसेच साठले. मग यंत्राने एक कागद अर्धा बाहेर काढला, कुईं केलं आणि थांबलं. लाल दिवा लुकलुकायला लागला.

दिवेलागणीला धाकट्याचं दार उघडलं. तो बाहेर आला, चपला शोधल्या, अंगणात उतरला, रेघ ओलांडली आणि सरळ आमच्याकडे यायला लागला. आईने त्याला खिडकीतून बघितलं. तिने पदर डोक्यावर सारखा केला, एक हात गुडघ्यावर दाबला, दुसऱ्या हाताने पेटीची कडी धरली आणि उठून उभी राहिली. मीही उठले. मला वाटलं, माझ्या बोलण्याची लाज वाटली असेल याला.

तो आत आला.

"आलास व्हय," आई म्हणाली. "चल. मी कवाची तयार हाय."

"आये, जरा बाजूला व्हय," धाकटा म्हणाला. "कागद आडाकलाय."

ती पेटीसकट बाजूला झाली. त्याने झाकण उघडून वाकून आत हात घातला, चुरगळलेला कागद ओढून काढला आणि झाकण लावलं. खिडकीतून ओरडून बायकोला म्हणाला, "दाब गं आता." कागद आला. त्याने आधीचे साठलेले त्यात मिळवले, सारखे करून घेतले आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "चांगलं मशीन हाय, पर कागद वढताना नाटकं करतंय." मग रेघ ओलांडून परत गेला आणि दार लावून घेतलं.

आई पेटी धरून तशीच उभी होती. त्याला परत यावं लागलं तर पायात येऊ नये म्हणून तिने ती आणखी थोडी भिंतीकडे सारली.

"लई काम आसतंय त्याला," ती म्हणाली आणि खाटेवर बसली.

दोन्ही घरांतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.